ठिसूळ होणं वेगळं, विघटन होणं वेगळं

वर्षभर उन्हात राहिलेला कपड्यांचा प्लास्टिकचा चिमटा जरा दाबला की कटकन मोडतो आणि बोटांना पांढरट भुकटी लागते. ते पाहून वाटतं, ऊन प्लास्टिक संपवतंच आहे. मग प्रयोगशाळेत प्रकाशाने प्लास्टिकचं विघटन केल्याची बातमी आली की 'त्यात नवीन काय?' असा प्रश्न येतो. दोन्हीकडे प्रकाश आहे, दोन्हीकडे रेणूंच्या साखळ्या तुटतात, म्हणून गल्लत होते. मला ती धोक्याची वाटते, कारण तिच्यातून खोटा दिलासा मिळतो.

आधी चिमटा. तो बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो, आणि शुद्ध पॉलिप्रोपिलीन सूर्यप्रकाश जवळपास शोषतच नाही. शोषतात ती त्यातली अशुद्धी आणि वितळवून साच्यात घालताना तयार झालेले कार्बोनिल गट, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या. अतिनील किरणांनी तिथला बंध तुटतो, मुक्तमूलक म्हणजे एकटा पडलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील तुकडे तयार होतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना येऊन मिळतो आणि मोडतोडीची साखळीच सुरू होते. लांब रेणू आखूड झाले की चिवटपणा गेला. हे सगळं मुख्यतः पृष्ठभागावर घडतं. आत तेच प्लास्टिक शाबूत असतं. थर भेगाळतो, तुकडे पडतात, आणि ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाले की त्यांना आपण मायक्रोप्लास्टिक म्हणतो. दिसेनासं झालं तरी कार्बन बराचसा पॉलिमरमध्येच, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूसाखळ्यांतच, अडकलेला राहतो. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' म्हणून विकल्या गेलेल्या पिशव्यांत धातूंचे क्षार घालून हीच मोडतोड घाईने घडवली जात असे. युरोपीय संघाने २०२१ पासून अशा प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणायला बंदी घातली, ती रास्तच.

आता प्रयोगशाळेतली पद्धत, प्रकाश-उत्प्रेरण. त्यात प्रकाश शोषण्याचं काम प्लास्टिककडे नसतं, उत्प्रेरकाकडे, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाकडे असतं. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडी घेतो आणि मागे धनभारित पोकळी राहते. ही पोकळी प्लास्टिककडून इलेक्ट्रॉन ओढून घेते, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण करते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन सोडवू शकतो. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या एर्विन राइस्नर यांच्या गटाने कॅडमियम सल्फाइड या अर्धवाहकाचे क्वांटम डॉट, म्हणजे अतिसूक्ष्म कण, वापरून हे करून दाखवलं. पीईटीसारख्या (पाण्याच्या बाटल्यांच्या) प्लास्टिकपासून हायड्रोजन आणि फॉर्मेट, अ‍ॅसिटेट अशी छोटी संयुगं मिळाली. इथे कार्बन कुठे गेला, याचा हिशेब मांडता येतो.

अर्थात हेही 'फक्त ऊन दाखवा' इतकं सोपं नाही. त्या प्रयोगात तीव्र कॉस्टिक सोड्याचं द्रावण लागलं. पीईटीची मूळ साखळी त्या अल्कलीनेच सुटते. प्रकाशाच्या वाट्याला येतं ते प्रामुख्याने त्यातून निघालेलं एथिलीन ग्लायकॉल, आणि साखळीतला दुसरा घटक, टेरेफ्थॅलेट, तसाच उरतो. शिवाय कॅडमियम विषारी. पॉलिथिलीनला तर अल्कलीने तोडता येईल असा दुवाच नसतो, त्यामुळे ते यापेक्षा कितीतरी हट्टी आहे.

म्हणून अशी बातमी वाचताना 'वजन इतकं घटलं' एवढ्यावर थांबू नये. गाळणीतून निसटलेल्या बारीक कणांमुळेही वजन घटल्यासारखं दिसतं. कोणते रेणू मिळाले आणि मूळ कार्बनपैकी किती त्यांत सापडला, हे आकडे बातमीत आहेत का ते पाहावं.