रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा म्हणजे आजार नव्हे

अनेक वर्षं फिरणारा एक समज: लॅबच्या रिपोर्टमध्ये कॉम्प्युटरने एखादा आकडा ठळक छापला किंवा शेजारी ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) किंवा ‘एल’ (लो, म्हणजे कमी) लिहिलं, की आजार पकडला गेला.

कॉम्प्युटर तिथे आजार शोधत नाही. यंत्राकडून आलेला आकडा शेजारच्या रकान्यातल्या मर्यादेशी ताडून पाहतो, बाहेर असेल तर खूण करतो. तुमचा त्रास, तुमची औषधं त्याला ठाऊक नसतात.

आता ही मर्यादा येते कुठून? बहुतेक चाचण्यांमध्ये निरोगी माणसांचे आकडे घेऊन मधले 95 टक्के ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे 100 निरोगी माणसांतले 5 जण मुळातच बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर 100 पैकी साधारण 64 निरोगी माणसांच्या रिपोर्टवर किमान एक खूण येईल. पॅकेज तपासणीनंतर घरोघरी होणारी घालमेल बरीचशी यातूनच येते, आणि ती पाहून वाईट वाटतं. (साखर, कोलेस्टेरॉलच्या मर्यादा मात्र धोक्याच्या हिशेबाने ठरवतात.) रक्त काढताना पेशी फुटल्या, तरी पोटॅशियम वाढलेलं दिसू शकतं.

घरी पडताळायचं तर आकडा मर्यादेपासून किती लांब आहे ते बघा. जुना रिपोर्ट शेजारी ठेवा. दोन लॅबच्या मर्यादाही जुळवून पाहा, अनेकदा त्या वेगळ्या निघतात. खूण दुर्लक्षून मात्र चालणार नाही; रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच, जुन्यासकट.