घोट्यावरचा आठ आणि ताणाचं गणित

अजिंक्यताऱ्यावरून किंवा यवतेश्वरच्या घाटातून पाय मुरगळतो तो शक्यतो उतरताना, आणि बहुतेक वेळा एकाच दिशेनं: तळवा आत वळतो आणि सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. उतरताना चवडा खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत घोट्याचं हाड वरच्या खोबणीत जरा सैल बसतं, आणि त्याला आवरून धरण्याचं काम बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या लिगामेंटवर पडतं. तोच ताणला जातो, कधी फाटतोही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर पळणाऱ्यांना परतीचा उतार म्हणूनच चढापेक्षा जास्त जपून पळावा लागतो.

मग मेडिकलमधून क्रेप बँडेज येतं आणि गुंडाळायला सुरुवात होते. ‘आवळून बांध रे’ असं सांगणारा एकजण प्रत्येक घोळक्यात असतोच. त्याचं ऐकू नये. पट्टीचा दाब किती पडणार हे फक्त हाताच्या ओढीवर ठरत नाही, त्यात पायाच्या आकाराचाही वाटा असतो.

फ्रेंच गणितज्ञ लाप्लासनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला द्रवाच्या वक्र पृष्ठभागाबद्दल एक नियम मांडला. तोच पट्टीला लावतात. पट्टीतला ताण आणि थरांची संख्या वाढली की दाब वाढतो. अवयवाची जाडी आणि पट्टीची रुंदी वाढली की दाब कमी होतो. समजा, घोट्याच्या वरचा घेर २२ सेंटिमीटर आहे आणि पोटरीचा ३६. दोन्ही ठिकाणी पट्टी सारखीच ओढली, तर पोटरीवर घोट्याच्या तुलनेत साधारण ६० टक्केच दाब पडतो. म्हणजे खाली जास्त, वर कमी. आपल्याला हवंय तेच, कारण सूज आणि रक्त खालून वर, हृदयाकडे सरकायला हवं. पट्टी नेहमी बोटांकडून वर नेतात ती यासाठी. उलट कुणी पोटरीवर हिसका देऊन आवळली आणि घोट्याशी ढिली सोडली, तर सूज खालीच कोंडते.

थरांचं गणितही सोपं आहे. प्रत्येक वेढ्यानं आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकला, तर सगळीकडे दोन थर येतात. दोन तृतीयांश झाकला तर तीन, आणि दाब दीडपट. ‘जरा जास्तच गुंडाळू, आधार मिळेल’ असं म्हणत उरलेली सगळी पट्टी एकाच जागी संपवली जाते, तिथे नेमकं हेच घडतं. अरुंद पट्टीचंही तसंच: घोट्याला ८ सेंटिमीटरची ठीक, गुडघ्याला १० किंवा १५ ची घ्यावी.

घोटा मात्र गोल नसतो. हाडाच्या उंचवट्यावर वक्रता तीव्र, तिथे पट्टी रुतते. उंचवट्याच्या मागे, टाचेच्या शिरेच्या बाजूला खळगा असतो. तिथे पट्टी नुसतीच अधांतरी ताणलेली राहते, दाब जवळजवळ शून्य. आणि सूज साचते ती त्या खळग्यातच. जाणकार म्हणून घोट्याच्या हाडाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची कापसाची गादी ठेवतात आणि मग वरून पट्टी घेतात. एवढ्याशा कापसानं जे साधतं ते आणखी चार वेढ्यांनी साधत नाही.

आता आठाचा आकडा, म्हणजे इंग्रजी 8 सारखा स्वतःलाच छेदत जाणारा वेढा. सांध्यावर सरळ गोल वेढे घेतले, तर सांधा हलताच ते सरकून एका जागी दोरीसारखे गोळा होतात. फेट्याचा पदर तिरका चढवतात तसा इथेही वेढा तिरका न्यावा लागतो. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवायचं. चवड्याभोवती दोन वेढे, मग पावलाच्या पाठीवरून तिरकं घोट्याच्या वर, मागून फिरवून पुन्हा तिरकं खाली, तळव्याखालून वर. तळव्याखालून जाताना पट्टी आतून बाहेर काढायची, म्हणजे पावलाची बाहेरची कड वर उचलली जाते आणि दुखावलेल्या अस्थिबंधावरचा ताण हलका होतो. दिशा उलटी झाली तर पट्टी दिसते छान, पण पाऊल पुन्हा आतच ओढते. गुडघा बांधताना तो किंचित वाकवून ठेवावा. पूर्ण सरळ ठेवून बांधला, तर बसताना मागच्या बाजूला पट्टी काचते.

हे शहाणपण नवं नाही. सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे १४ प्रकार सांगितले आहेत. सांध्यांसाठी ‘स्वस्तिक’, म्हणजे एकमेकांना छेदणारे वेढे; हातापायांसाठी ‘अनुवेल्लित’, म्हणजे गुंडाळत वर नेलेले. शिवाय गाढ, सम आणि शिथिल अशा घट्टपणाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि सांध्यांवर बंध शिथिल असावा असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

जास्त आवळण्याचा धोका काल्पनिक नाही. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यानं १८८१ साली घट्ट पट्ट्यांनंतर हाताचे स्नायू आखडून बोटं कायमची वाकडी होतात, याचं वर्णन केलं. मोडलेल्या हाताला बांबूच्या कांबट्या करकचून बांधल्या की आजही तेच होऊ शकतं. रक्त न मिळाल्यास स्नायू काही तासांतच मरू लागतात. तेव्हा बोटांची टोकं उघडी ठेवा. नख दाबून सोडलं की साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. मुंग्या आल्या, बोटं गार पडली किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर पट्टी लगेच सोडायची. सकाळची वाट पाहायची नाही. बांधताना बेताची असलेली पट्टी सूज चढल्यावर दोन तासांत घट्ट होते, म्हणून मध्ये मध्ये पाहायचं.

सांगलीच्या हळदीचा, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या हळदीचा लेप आमच्याकडे अजूनही आधी लागतो. भांडण हळदीशी नाही, पण पहिल्या दिवशी लेप गरम करून लावू नये; उष्णतेनं रक्तपुरवठा वाढतो आणि सूजही. नखांवर तर लेप नकोच, पिवळ्या नखाचा रंग परतला की नाही हे कसं कळणार?

पट्टीनं अस्थिबंध लवकर जुळतो असं मात्र मानू नये. ती सूज आवरते, आधार देते, आणि चालताना पाऊल जपून टाकायची आठवण करून देते. पाय बराच मुरगळला असेल, तर बाजूंनी कडक असलेला घोट्याचा ब्रेस पट्टीपेक्षा सरस ठरतो. आणि हाड मोडल्याची शंका पट्टीखाली झाकू नये. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ओटावा नियम मांडले: घोटा दुखत असून चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो, तोही दाबून पाहावा. मुरगळताना ते हाड बरेचदा मोडतं.

क्रेप ढिली पडली म्हणून टाकून देऊ नका. तिचा ताण सुताला दिलेल्या जादा पिळातून येतो. कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता सावलीत आडवी वाळवली की तो बऱ्यापैकी परत येतो.