ऊलाँगची कीर्ती आणि माळव्याचा जुना हिशेब

सुदामानगरातल्या आमच्या काकूंकडे हल्ली सकाळच्या पोह्यांबरोबर दोन चहा होतात. काकांचा दुधाचा, आलं ठेचून घातलेला. काकूंचा ऊलाँग, सुनेनं बंगळुरूहून पाठवलेला. "वजन कमी करून राहिलेय मी," त्या सांगतात. जिलबी मात्र दोघांची सारखीच.

इंदूरला हा चहा नवा, पण त्याच्या मुलखाशी आपला व्यवहार जुना आहे. ऊलाँगचं माहेर म्हणजे चीनच्या फूच्येन प्रांतातले वूयी डोंगर. इंग्रजांना चिनी चहा हवा असे, आणि त्याचे दाम चांदीत मोजावे लागत. चांदी वाचवायला चीनमध्ये अफू उतरवली गेली. त्यात मोठा वाटा माळव्याचा. ईस्ट इंडिया कंपनीला चुकवून हा माल आधी कराचीमार्गे दमणला जाई. १८३० च्या सुमारास कंपनीनं हार मानून परवाने दिले, मुंबईचा रस्ता मोकळा केला आणि पेट्या इंदुरात सरकारी काट्यावर तोलल्या जाऊ लागल्या. १८४७ मध्ये एका पेटीवर ४०० रुपये कर होता. पेटीत अफू साधारण ६३ किलो.

त्या व्यवहारातला चहा इंदूरकरांच्या कपात मात्र कधी आला नाही. पुढे इथे रुजला तो आसामचा, आणि १९३० च्या दशकात यंत्रावर निघू लागलेला दाणेदार सीटीसी तर दुधासाठीच जन्मल्यासारखा.

झुडूप एकच, फरक करणीत. हिरव्या चहाची पानं लगेच तापवतात, काळ्याची पूर्ण तांबूस होऊ देतात. ऊलाँगची पानं उन्हात कोमेजवून टोपल्यांत हलवतात. कडा तांबूस झाल्या, मधलं पान हिरवं असलं, की भाजून थांबवतात. मध्येच थांबण्याची ही कला चवीसाठी होती, वजनासाठी नव्हे.

वजनाची ख्याती जपानची. १९७९ च्या सुमारास तिथे ऊलाँगची लाट आली, १९८१ मध्ये तो डब्यांत मिळू लागला. प्रयोग त्यानंतरचे. २००१ मध्ये १२ पुरुषांवरच्या एका अमेरिकी चाचणीत ऊलाँगमुळे दिवसाचा ऊर्जाखर्च सुमारे ३ टक्के वाढला. पण तेवढंच कॅफीन घातलेल्या पाण्यानंही जवळपास तितकाच. २००३ मध्ये तैवानात २० मधुमेहींना औषधांच्या जोडीला रोज दीड लिटर ऊलाँग महिनाभर दिला, तेव्हा रक्तातली साखर सरासरी २२९ वरून १६२ वर आली. हा आकडा सगळीकडे मिरवतो. २०११ मध्ये जपानी कामगारांच्या मोठ्या पाहणीत मात्र रोज दोन कप किंवा जास्त ऊलाँग पिणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला, याची जाहिरात कोणी करत नाही. २० जणांच्या महिन्याभरावरून औषध कमी करायला निघणारे मला भेटलेत, म्हणून हे लिहायलाच हवं.

उच्च रक्तदाबाबाबत चित्र बरं आहे. २००४ च्या तैवानी अभ्यासात १,५०७ लोकांपैकी वर्षभर रोज किमान १२० मिली हिरवा चहा किंवा ऊलाँग पिणाऱ्यांत तो कमी दिसला. अर्थात ही पाहणी. चहामुळेच तसं झालं, असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

काकूंचं हिमोग्लोबिन मुळात कमी. चहातले तुरट घटक पोह्यांतलं लोह शरीरात पुरतं शिरू देत नाहीत, आणि त्यात ऊलाँगही आलाच. म्हणून त्यांनी पोह्यांवर लिंबू जास्त पिळायचं आणि ऊलाँग तासाभरानं घ्यायचा, असं ठरलंय.