इंधन संपतं ते हवेत, चूक होते जमिनीवर

इंजिन बंद पडलेलं हेलिकॉप्टर सुखरूप उतरवण्याची युक्ती व्यवहारात वापरता येणाऱ्या हेलिकॉप्टरपेक्षाही जुनी आहे. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने 1923 मध्ये ऑटोजायरो उडवला. त्याची वरची पाती इंजिनाने नव्हे, खालून येणाऱ्या हवेने फिरत. पुढे हेलिकॉप्टरने तेच उचललं. इंजिन गप्प झालं की वैमानिक डाव्या हातातला कलेक्टिव्ह नावाचा दांडा झटकन खाली करतो, पात्यांचा कोन कमी होतो आणि उतरतानाची हवाच पाती फिरती ठेवते. हे ऑटोरोटेशन. प्रत्येक विद्यार्थ्याला ते घोटून घ्यावंच लागतं.

तरी प्रशिक्षणात इंधन संपणं वाईटच, आणि त्याचं मूळ बऱ्याच अंशी शिकवणीच्या यंत्रांतच आहे. 1946 मध्ये बेल 47 ला नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं, पण शिकणं आवाक्यात आणलं ते 1979 मध्ये प्रमाणित झालेल्या रॉबिन्सन आर-22 ने. दोन आसनं, पिस्टन इंजिन आणि उड्डाणाचं कमाल वजन फक्त 622 किलो. ही मर्यादा निर्दय आहे. प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघेही धिप्पाड असतील तर टाक्या काठोकाठ भरताच येत नाहीत. माणसं कमी करता येत नाहीत, मग इंधन कमी होतं. त्यात सरावाचा मोठा भाग एका जागी तरंगण्यात जातो आणि त्याला सरळ जाण्यापेक्षा जास्त ताकद लागते. म्हणजे ‘तासाला इतके लिटर’ हा प्रवासातला आकडा धरून केलेला हिशेब इथे फसू शकतो.

इंधन दाखवणाऱ्या काट्यावर विसंबणंही धोक्याचं. टाकीत तरंगणारा गोळा यंत्र कललं की सरकतो, काटा डुलतो. म्हणूनच उड्डाणापूर्वी टाकीत डिपस्टिक, म्हणजे मोजकांडी, घालून बघायची पद्धत टिकली. ती कंटाळवाणी आहे, हे मान्य.

अनुभव असला म्हणून माणूस यातून सुटतो असंही नाही. 1960 मध्ये सोव्हिएत हद्दीत यू-2 या हेरगिरीच्या विमानासह पाडला गेलेला अमेरिकी वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स तिथून जिवंत परतला. 1 ऑगस्ट 1977 रोजी वणव्याच्या चित्रीकरणावरून परतताना लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या हेलिकॉप्टरचं इंधन संपलं आणि तो व त्याचा कॅमेरामन ठार झाले. ग्लासगोमध्ये 29 नोव्हेंबर 2013 च्या रात्री पोलिसांचं हेलिकॉप्टर क्लुथा नावाच्या पबवर कोसळलं, 10 जण गेले. तिथे मुख्य टाकीत 76 किलो इंधन शिल्लक होतं, पण ते इंजिनांच्या टाक्यांत ढकलणारे पंप बंद होते. इंधन संपणं वेगळं आणि असून न पोचणं वेगळं. इंजिनाला मात्र दोन्ही सारखंच.

नियम राखीव इंधन मागतो. अमेरिकेत दिवसा, नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला 30 मिनिटांचं, हेलिकॉप्टरला 20 मिनिटांचं. कुठल्याही मोकळ्या जागी उतरता येतं, ही त्यामागची सवलत असावी. पण विद्यार्थी जिथे बहुतेक वेळ असतो, त्या कमी उंचीवर आणि कमी वेगात ऑटोरोटेशनला पुरेशी जागाच उरत नाही. आर-22 ची पाती हलकी, ताकद गेली की लगेच मंदावतात. कलेक्टिव्ह खाली करायला सेकंद-दीड सेकंद मिळतो. 1995 मध्ये अमेरिकेने या यंत्रासाठी खास प्रशिक्षण सक्तीचं केलं, त्यात ऑटोरोटेशनही होतंच.

सरावाच्या ऑटोरोटेशनमध्ये इंजिन मंद चालू असतं आणि बहुधा जमिनीच्या थोडं वर प्रशिक्षक ताकद परत आणतो. टाकी कोरडी असेल, तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारी मूठ, फिरवून तिथे काहीच हाती लागत नाही.