वॉटर स्ट्रीट ते वांद्रे: व्यसनमुक्तीच्या ख्रिस्ती निवाऱ्यांची पार्श्वभूमी

बेघर आणि व्यसनाधीन माणसाला अंथरूण, जेवण आणि प्रार्थना यांच्या आधाराने उभे करू पाहणारी ख्रिस्ती केंद्रे अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. त्यांना तिकडे ‘रेस्क्यू मिशन’ म्हणतात. त्यांचा उगम शोधत मागे गेले, की न्यूयॉर्कच्या बंदराजवळ वॉटर स्ट्रीटवरील ३१६ क्रमांकाच्या घरापाशी थांबावे लागते. १८७२ मध्ये जेरी मकॉली आणि त्यांच्या पत्नी मारिया यांनी तेथे मिशन उघडले. मकॉली धर्मगुरू नव्हते की डॉक्टरही नव्हते. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस पोरवयात न्यूयॉर्कला आला, नदीत नांगरलेल्या जहाजांवर चोऱ्या करू लागला आणि एकोणिसाव्या वर्षी पंधरा वर्षांची शिक्षा घेऊन सिंग सिंगच्या तुरुंगात गेला. तेथे ऑर्व्हिल गार्डनर या एकेकाळच्या कुप्रसिद्ध मुष्टियोद्ध्याने कैद्यांसमोर दिलेली साक्ष ऐकून त्याचे मन पालटले. १८६४ मध्ये माफी मिळून तो सुटला आणि थोड्याच काळात पुन्हा दारूकडे व चोरीकडे वळला.

भाविक चरित्रांत ही घसरण घाईने उरकली जाते, पण मिशनची पद्धत समजण्यासाठी तीच महत्त्वाची आहे. शपथ घेतलेला माणूस पुन्हा पिऊन दारात आला तर त्याला हाकलून द्यायचे नाही, हे मकॉली यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या सभेत प्रवचनापेक्षा ‘साक्षी’ला अधिक वेळ मिळे. काल गटारात पडलेला माणूस आज उठून आपली हकिकत सांगे आणि मागच्या बाकावर ओल्या कपड्यांत बसलेला माणूस ती ऐके.

लंडनमध्ये हाच प्रश्न विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी फार मोठ्या आकारात हाताळला. १८६५ मध्ये त्यांनी पूर्व लंडनमध्ये सुरू केलेल्या कामाला १८७८ मध्ये ‘सॅल्व्हेशन आर्मी’ हे नाव मिळाले, मराठीत जिला आपण मुक्तिफौज म्हणतो. तिच्या निवाऱ्यांत एका पेनीला रात्रभर बाकावर बसता येई, मात्र आडवे होता येत नसे. चार पेन्यांना शवपेटीसारखी लाकडी पेटी आणि वर घ्यायला मेणकापड मिळे. आज हे क्रूर वाटते, पण पर्याय उघड्या रस्त्याचा होता. १८९० मधील आपल्या पुस्तकात बूथ यांनी टांग्याच्या घोड्याचा दाखला दिला: लंडनच्या रस्त्यात घोडा कोसळला तर त्याला आधी उभे करतात, तो का पडला याची चौकशी नंतर करतात, शिवाय त्याला दाणा, तबेला आणि काम या तिन्ही गोष्टी मिळतात, मग माणसाला तेवढे तरी का नसावे? यातूनच आधी शहरातील निवारा, मग शेतीची वसाहत आणि शेवटी परदेशातील वसाहत अशी त्यांची योजना तयार झाली. १८९१ मध्ये एसेक्समधील हॅडली येथे अशी शेतवसाहत सुरूही झाली.

या योजनेशी मुंबईचा संबंध आहे. सनदी नोकरी सोडून आलेले फ्रेडरिक टकर मुक्तिफौजेच्या काही सोबत्यांसह सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईत उतरले, देशी वेष करून व ‘फकीर सिंह’ हे नाव घेऊन फिरू लागले आणि रस्त्यावर मिरवणूक काढल्याबद्दल अटकेतही पडले. पुढे बूथ यांचे जावई झालेल्या याच टकर यांनी १८९८ च्या सुमारास कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोमध्ये शहरी गरिबांसाठी शेतवसाहती उभारल्या.

न्यूयॉर्कच्या परंपरेचा दुसरा फाटा अधिक आडवळणाचा आहे. सॅम्युअल हॅडली हा गृहस्थ १८८२ मध्ये हार्लेमच्या एका गुत्त्यात बेघर, एकाकी आणि मरणाच्या दारात बसला होता. ज्याच्या बदल्यात दारू मिळू शकेल असे सर्व काही त्याने गहाण टाकले होते किंवा विकले होते. अखेर तो स्वतःच पोलीस चौकीत जाऊन कोठडीत बसला. काही दिवसांनी मकॉली यांच्या सभेत त्याची दारू सुटली, आणि मकॉली यांच्या निधनानंतर वॉटर स्ट्रीटचे काम त्यानेच सांभाळले. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ मधील आपल्या ग्रंथात ही हकिकत नोंदवली. डिसेंबर १९३४ मध्ये बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला मद्यपी न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात तोच ग्रंथ वाचत होता. त्याआधी काही दिवस तो कॅल्व्हरी मिशन या न्यूयॉर्कमधल्याच निवाऱ्यात पिऊनच जाऊन आला होता, कारण त्याचा एक जुना पिणारा मित्र तेथे राहून सुधारला होता. १९३५ मध्ये विल्सन आणि ओहायोतील ॲक्रनचे डॉक्टर बॉब स्मिथ यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मद्यपींनीच एकमेकांना सावरण्याची संघटना जन्माला आली. तिने साक्ष ठेवली, कबुली ठेवली, परंतु ख्रिस्ताचे नाव सोडून ‘आम्हाला उमजला तसा देव’ एवढेच मागितले. मिशनांनी ते नाव सोडले नाही. १९५८ मध्ये ब्रुकलिनच्या टोळ्यांमधील तरुणांत काम सुरू करणारे डेव्हिड विल्करसन आणि त्यातून उभी राहिलेली ‘टीन चॅलेंज’ ही व्यसनमुक्तीची संस्था याच वळणाची.

या इतिहासाचा कमी गौरवाचा भागही नोंदवायला हवा. काम हेच औषध मानले, की काम आणि वेठबिगार यांतील रेषा पुसट होते. अलामो फाउंडेशन या धार्मिक संस्थेच्या दुकानांत व पेट्रोल पंपांवर पूर्वी नशेत बुडालेले अनेक अनुयायी पगाराऐवजी अन्न, वस्त्र व निवाऱ्यावर राबत होते. त्यांनाही किमान वेतनाचा कायदा लागू होतो, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. दुसरा वाद अटींचा आहे. आधी व्यसन सोडा, मग घर, हा मिशनांचा क्रम १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील ‘पाथवेज टू हाउसिंग’ने उलटा केला आणि बेघर मनोरुग्णांना, पीत असले तरी, आधी खोलीची किल्ली दिली. घर टिकवण्याच्या बाबतीत हा क्रम सरस ठरल्याचे अभ्यास सांगतात. व्यसन सुटण्याबाबत मात्र तसा फरक ठळकपणे दिसत नाही. त्यामुळे माझ्या मते दोन्ही पक्षांनी एकमेकांना खोडून काढण्याची घाई करू नये.

आपल्याकडे १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात सुरू झालेले ‘कृपा फाउंडेशन’ या परंपरेचे नातेवाईक आहे, पण जुळे भावंड नाही. या संस्थेचे संस्थापक फादर जो परेरा हे स्वतः दारूतून बाहेर आलेले धर्मगुरू. मकॉली यांच्यासारखाच त्यांचा अधिकार स्वानुभवाचा आहे. मात्र पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे ते शिष्य असल्याने त्यांच्या केंद्रांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासने आली, आणि तेथे कोणत्याही धर्माचा माणूस सतरंजीवर पडून आधी श्वास सावकाश सोडायला शिकतो.