अवकाशीय कचऱ्याचा मागोवा

निकामी उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे आणि त्यांचे तुकडे पृथ्वीभोवती कुठे फिरत आहेत, पुढे कुठे असतील, याची सतत नोंद ठेवण्याचे काम. ग्रामीण विदर्भात हा विषय २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, थेट गावात येऊन पडला.

पावणेआठच्या सुमारास आगीचे लोळ आकाशातून ओळीने सरकताना दिसले. उल्का की विमान, असा लोकांना प्रश्न पडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली आणि पवनपार परिसरात एक गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले.

खालच्या कक्षेतल्या साधारण १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तूंवर रडारची नजर असते. लहरी वस्तूवर आदळून परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते, तर वारंवारितेतल्या फरकावरून वेग. फार उंचावरच्या वस्तूंसाठी दुर्बिणी वापरतात. अमेरिकेचे जाळे सर्वांत मोठे आहे. नोंदलेल्या प्रत्येक वस्तूला ते क्रमांक देते. भारताचे एकाच वेळी अनेक वस्तू टिपणारे रडार श्रीहरिकोट्याला आहे.

साध्या डोळ्यांनीही मागोवा घेता येतो आणि दिव्यांचा उजेड कमी असलेली विदर्भातली शिवारे त्यासाठी उत्तम आहेत. सूर्य मावळल्यावर तास-दीड तास खाली अंधार असतो, पण काही शे किलोमीटरवर ऊन असते. त्यात तुकडा चमकतो. एकसारखा उजळ-मंद होत गेला, तर तो बहुधा गिरक्या घेणारा रिकामा टप्पा. धुऱ्यावर उभे राहून तो जवळजवळच्या दोन ओळखीच्या ताऱ्यांच्या मधून नेमका कोणत्या सेकंदाला गेला, एवढे टिपले आणि आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश जोडले, की ती कामाची नोंद होते.

खरी अडचण शेवटच्या फेऱ्यांत येते. खालच्या कक्षेतला तुकडा सेकंदाला पावणेआठ किलोमीटर धावतो, म्हणजे बुलढाण्यावरून गडचिरोलीपर्यंत मिनिटभरात पोचतो. सूर्यावरच्या घडामोडींनी वातावरणाचा वरचा थर फुगतो-आकसतो, त्यामुळे घर्षण बदलते आणि पडण्याच्या वेळेचा अंदाज काही तासांनीही चुकू शकतो. म्हणूनच नेमके गाव आधी सांगता येत नाही. सुमारे ८० किलोमीटर उंचीवर टप्पा फुटतो. बराचसा जळतो, पण उच्च दाबाच्या वायूच्या टाक्यांसारखे चिवट भाग जमिनीपर्यंत पोचतात.

इथून पुढचा मागोवा गावकऱ्यांच्या हातात असतो, आणि त्याचे मोल रडारच्या नोंदीइतकेच मानायला हवे. मोबाइलमधल्या चित्रणाची वेळ, लोळ कोणत्या दिशेने गेले आणि तुकडा पडला ती जागा, यावरून वस्तूची ओळख पटते. सापडलेल्या टाकीला हात लावू नये. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. पोलिसांना कळवावे.

ओळख पटणे कायद्यानेही महत्त्वाचे आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीला प्रक्षेपण करणारा देश जबाबदार असतो, मग त्याची चूक सिद्ध होवो वा न होवो. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.