ग्रंथालयीन शोधसेवा

विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधनसंस्था यांच्या ग्रंथालयांतील छापील ग्रंथांची तालिका (कॅटलॉग), वर्गणी भरून मिळणारी ई-नियतकालिके, प्रबंधांची भांडारे आणि डिजिटल संग्रह या सर्वांचा एकाच शोधचौकटीतून शोध घेऊ देणारी संगणकीय व्यवस्था. ग्रंथपालांच्या बोलण्यात ‘डिस्कव्हरी’ एवढाच शब्द चालतो. तिची अंगे दोन : वाचकाला दिसणारा शोधपटल आणि त्यामागे आधीच तयार करून ठेवलेली निर्देशसूची. खरेदी, दाखलनोंद, देवघेव ही कामे ग्रंथालय व्यवस्थापन प्रणालीकडेच राहतात. शोधसेवा तिच्याकडून नोंदी उचलते आणि प्रत कपाटात आहे की वाचकाकडे, एवढेच ऐनवेळी विचारून घेते. ओपॅक (वाचकांसाठीची जुनी संगणकीय तालिका) हा त्या प्रणालीचाच भाग असे. शोधसेवा मात्र तिच्यापासून सुटी असते. त्यामुळे मूळ प्रणालीला हात न लावता नुसता शोधपटल बदलणे ग्रंथालयांना शक्य झाले.

पूर्वपीठिका : यंत्राला वाचता येणाऱ्या नोंदींचा ‘मार्क’ हा आराखडा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. १९६६ मध्ये प्रायोगिक काम सुरू झाले आणि १९६९ पासून नोंदींचे नियमित वितरण होऊ लागले. त्या काळी अशा नोंदींतून मुख्यतः तालिकापत्रेच (कॅटलॉगची कार्डे) छापायची होती. त्यामुळे शोधाच्या दृष्टीने निरर्थक असलेली विरामचिन्हे आणि पत्रावरच्या मांडणीचे संकेत मार्क नोंदीत कायमचे मुक्कामाला आले. ओहायोतील ओसीएलसी या संस्थेने १९७१ मध्ये सहकारी तालिकीकरण सुरू केले, तेही बहुतांशी पत्रे छापून पाठवण्यासाठी. तिने शेवटचे तालिकापत्र १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापले. तोवर पत्रांची संख्या सुमारे १.९ अब्ज झाली होती. (म्हणजे शोधसेवा बाजारात स्थिरावल्यानंतरही काही वर्षे पत्रे निघतच होती. तालिकेचा इतिहास सांगताना दिले जाणारे टप्पे इतके काटेकोर मानू नयेत.)

ओपॅकचा उगम सामान्यतः १९७० च्या दशकाच्या मध्याचा मानतात. शीर्षक, लेखक व विषयशीर्षक यांचा नेमका शोध आणि ‘आणि–किंवा–नाही’ ही तार्किक जोडणी ही त्याची साधने होती. सापडलेल्या नोंदी बहुधा वर्षानुक्रमे वा अकारविल्हे लागत. प्रश्नाशी अधिक जुळणारी नोंद वर यावी, अशी सोय क्वचितच असे. निरनिराळ्या ग्रंथालयांच्या तालिका एकमेकींशी बोलू शकाव्यात म्हणून ‘झेड ३९.५०’ हे मानक आले. १९९८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. वाचकाचा प्रश्न एकाच वेळी अनेक आधारसामग्रींकडे (डेटाबेस) पाठवून उत्तरे गोळा करणारा संयुक्त शोध हा त्यापुढचा टप्पा. तो फसला. प्रत्येक आधारसामग्रीकडून पहिली काही उत्तरेच हाती येत, तीही ज्याच्या त्याच्या क्रमाने, आणि सर्वांत संथ उत्तर येईपर्यंत पडदा अर्धवट राही. एवढ्या तुटपुंज्या आणि विषम सामग्रीवर एकसंध क्रमवारी लावणे तत्त्वतःच शक्य नव्हते. सॉफ्टवेअर सुधारून हा दोष जाईल, अशी आशा काही लेखकांनी त्या काळी व्यक्त केली. ती टिकली नाही.

याच सुमारास बेल्जियममधील गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हान द सोम्पल यांनी संदर्भनोंदीपासून पूर्ण मजकुरापर्यंत नेणाऱ्या दुव्यांची पद्धत बसवली. ‘ओपन-यूआरएल’ या नावाने ती २००४ मध्ये अमेरिकेतील मानक ठरली. शोधसेवेतील ‘पूर्ण मजकूर पाहा’ हे बटण मुळात या पद्धतीवर उभे आहे. बटण दाबूनही लेख उघडत नाही तेव्हा दोष बहुधा शोधयंत्राचा नसतो. ग्रंथालयाने कोणत्या नियतकालिकाचे कोणते खंड घेतले आहेत, याची यादी शिळी झालेली असते. प्रकाशकांनी अशा याद्या कोणत्या रूपात द्याव्यात, याचे ‘केबार्ट’ हे शिफारसपत्र २०१० मध्ये निघाले.

नोव्हेंबर २००४ मध्ये संशोधनपर लेख शोधून देणारे गूगल स्कॉलर सुरू झाले आणि ग्रंथालयांना घाई करावी लागली. जानेवारी २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘एंडेका’ या व्यापारी शोधयंत्रावर आपली तालिका बसवली. नव्या पिढीच्या तालिकांचा आरंभ बहुतेक लेखक येथून धरतात. नेदरलँड्समधील ‘ॲक्वाब्राउझर’ त्याआधीचे होते, पण त्याचा भर शब्दांच्या चित्रमय जाळ्यावर होता. व्हिलानोव्हा विद्यापीठाचे ‘व्ह्यूफाइंड’ आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे ‘ब्लॅकलाइट’ ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे लगोलग आली. दोन्ही ‘सोलर’ या मुक्त शोधयंत्रावर चालतात आणि आजही वापरात आहेत.

पैलूंच्या उगमाचा वाद : शोधनिकालाच्या कडेला ‘विषय’, ‘भाषा’, ‘काळ’, ‘प्रदेश’, ‘प्रकार’ अशा गटांची यादी आणि प्रत्येक गटापुढे नोंदींची संख्या, ही शोधसेवेची ओळखीची खूण. या पैलूंचे जनकत्व कोणाकडे जाते, याबद्दल एकमत नाही.

पहिल्या मतानुसार ते भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याकडे जाते. त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. विषयाचे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश व काल या पाच मूलभूत वर्गांत विश्लेषण करून त्यांच्या जोडणीतून वर्गांक बनवणे हा त्याचा गाभा. लंडनमध्ये १९५२ मध्ये स्थापन झालेल्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपने ही कल्पना उचलली. माहितीशोधाच्या सर्व पद्धतींचा पाया पैलूनिष्ठ वर्गीकरण असावा, अशी भूमिका या गटाने १९५५ मध्ये मांडली. ब्रायन व्हिकरी यांची पैलूनिष्ठ वर्गीकरणावरील पुस्तिका १९६० ची. तेथून ही परंपरा संकेतस्थळे रचणाऱ्यांपर्यंत पोहोचली, असे हे मत सांगते.

दुसरे मत आणखी मागे जाते. बेल्जियमचे पॉल ओत्ले व आंरी ला फोंतेन यांच्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाची पहिली पूर्ण आवृत्ती १९०५–०७ या काळातली. तीत स्थळ, काळ, भाषा व रूप यांची साहाय्यक कोष्टके होती आणि ती कोणत्याही विषयांकाला विशिष्ट चिन्हाने जोडता येत. पैलूंचे बीज येथे आहे, हे नाकारता येत नाही. मात्र मुख्य विषयाचेच विश्लेषण करण्याचे पाऊल ओत्ले यांनी सर्वत्र टाकलेले नाही. काही अभ्यासक अठराव्या शतकातील कोंदोर्से यांच्या वर्गीकरणयोजनेचाही दाखला देतात, पण तिचा पुढे कोणावर प्रभाव पडल्याचे दिसत नाही.

तिसरे मत संगणकशास्त्राचे. बर्कली येथे मार्टी हर्स्ट यांच्या मार्गदर्शनाखालील ‘फ्लेमेंको’ प्रकल्प आणि एंडेकासारखी व्यापारी यंत्रे यांनी आधारसामग्रीच्या स्तंभांतूनच पैलू काढले. त्यासाठी वर्गीकरणशास्त्राची गरज भासली नाही.

या मतांची तुलना करताना एक उदाहरण उपयोगी पडते. ‘भारतात १९५० च्या दशकात फुफ्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी केलेल्या उपचारांचे संशोधन’ हा विषय रंगनाथन यांच्या पद्धतीत वैद्यक या मुख्य वर्गाखाली जातो. त्याच्या वर्गांकात फुफ्फुसासाठी ४५, क्षयासाठी ४२१, उपचारासाठी ६, भारतासाठी ४४ असे अंक ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या चिन्हांनी गुंफले जातात. क्रम बदलता येत नाही, कारण वर्गांकाचे अंतिम काम ग्रंथाला फळीवर एकच जागा देणे हे आहे. पडद्यावरच्या वाचकाने आधी ‘भारत’ निवडले काय किंवा आधी ‘क्षय’ निवडले काय, उत्तर तेच येते. येथे जोडणी वाचक करतो, आणि तीही शोध घेतल्यानंतर. शिवाय पडद्यावरचे ‘भाषा’, ‘प्रकार’, ‘प्रकाशनवर्ष’ हे बहुतेक पैलू ग्रंथाच्या विषयाचे नसून ग्रंथाच्या वर्णनाचे आहेत.

मग विषयाचे पैलू आले कोठून? नॉर्थ कॅरोलायनाच्या तालिकेत विषयाचे चार पैलू होते : मुद्दा, रूप, प्रदेश व कालखंड. मार्क नोंदीतील ६५० क्रमांकाच्या क्षेत्रात विषयशीर्षकाला जोडलेले सामान्य, रूपवाचक, भौगोलिक व कालवाचक उपविभाग स्वतंत्र उपक्षेत्रांत लिहिलेले असतात. त्यांचेच हे सुटे केलेले रूप आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लांबलचक विषयशीर्षकांचे असेच तुकडे पाडण्याचे ‘फास्ट’ हे काम ओसीएलसीने १९९८ मध्ये हाती घेतले होते. त्यामुळे प्रत्यक्ष वंशावळ विषयशीर्षकांच्या उपविभागांकडून येते आणि रंगनाथन यांचे ऋण वैचारिक आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र पहिले मतच बहुधा निर्विवाद म्हणून येते.

केंद्रीय निर्देशसूची व क्रमवारी : प्रकाशकांकडून नोंदी, आणि करार झाला असेल तेथे पूर्ण मजकूरही, आधीच घेऊन एका जागी निर्देशसूची बनवायची, हा संयुक्त शोधाच्या अपयशावरचा उपाय ठरला. प्रोक्वेस्टची उपकंपनी सीरियल्स सोल्यूशन्स हिचे ‘समन’ २००९ मध्ये आले. ‘एब्स्को डिस्कव्हरी सर्व्हिस’ आणि एक्स लिब्रिसच्या ‘प्राइमो’ला जोडलेली केंद्रीय निर्देशसूची २०१० मध्ये आली. ओसीएलसीने ‘वर्ल्डकॅट’ या आपल्या संयुक्त तालिकेच्या आधारे आपली वेगळी वाट ठेवली.

संबद्धतेनुसार क्रम लावण्याची आजची प्रचलित सूत्रे ग्रंथालयांना परकी नाहीत. दुर्मीळ शब्दाला अधिक वजन देण्याचे तत्त्व केरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले. ‘बीएम-२५’ हे सूत्र स्टीफन रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओकापी’ प्रणालीत विकसित केले, आणि ओकापी मुळात १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ओपॅकचा प्रयोग म्हणूनच जन्मली होती. सोलरच्या पायाशी असलेल्या ‘ल्यूसीन’ने २०१६ मध्ये हेच सूत्र आपले नेहमीचे सूत्र म्हणून स्वीकारले. तालिकेच्या प्रयोगातून निघालेले सूत्र तीस वर्षांनी जगभर फिरून तालिकेत परतले, याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही.

सूत्र उत्तम असूनही अडचणी राहतात. ग्रंथाच्या नोंदीत काही डझन शब्द असतात, तर लेखाच्या पूर्ण मजकुरात काही हजार. दोघांना एकाच मापाने मोजले की कोणत्या तरी एका प्रकारावर अन्याय होतो. वाचकाने ‘नेचर’ असा एकच शब्द दिला तर त्याला बहुधा त्या नावाचे नियतकालिक हवे असते, पण निसर्गावरचे लाखो लेख त्याच्यापुढे उभे राहू शकतात. म्हणून अनेक विद्यापीठांनी ग्रंथ, लेख, नियतकालिके, संकेतस्थळाची पाने यांचे निकाल वेगवेगळ्या चौकटींत दाखवणे पसंत केले. जपानी खणांच्या डब्यावरून या मांडणीला ‘बेन्टो’ म्हणतात. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तर २०१२ च्या सुमारास उलटीच भूमिका घेतली : वाचक शोध गूगल स्कॉलरसारख्या ठिकाणी घेतात, तेव्हा ग्रंथालयाने स्वतःची शोधयंत्रणा चालवण्यापेक्षा मजकूर हाती पडेल एवढे पाहावे. फार थोड्यांनी हा मार्ग धरला.

क्रमवारीची नेमकी सूत्रे व्यापारी सेवा उघड करत नाहीत. शोधसेवा विकणारी कंपनी स्वतः सारसूच्या व लेखसंग्रहही विकत असेल तर ती आपला माल वर दाखवते का, आणि आपल्या नोंदी प्रतिस्पर्ध्याला देते का, हे दोन प्रश्न तेव्हापासून गाजत आहेत. अमेरिकेतील ‘नायसो’ या मानकसंस्थेच्या ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्हने २०१४ मध्ये शिफारसी काढल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. त्यांचे पालन ऐच्छिक आहे. दरम्यान प्रोक्वेस्टने २०१५ मध्ये एक्स लिब्रिस व क्लॅरिव्हेटने २०२१ मध्ये प्रोक्वेस्ट विकत घेतल्याने समन व प्राइमो या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी सेवा एकाच मालकाकडे आहेत.

देवनागरी नोंदींचा प्रश्न : पाश्चात्त्य ग्रंथालयांच्या मार्क नोंदींत मराठी शीर्षक मुख्य क्षेत्रात रोमन लिप्यंतराने येते, मूळ लिपीतील रूप दिलेच तर ते ८८० या जोडक्षेत्रात असते. लिप्यंतराच्या नियमानुसार शब्दाच्या शेवटचा, उच्चारात नसलेला ‘अ’ लिहावा लागतो. ‘इतिहास’ हा शब्द रोमन लिपीत टंकणारा मराठी वाचक तो अंत्य ‘अ’ लिहीत नाही, आणि त्याचा शोध रिकामा परततो. देवनागरीत टंकले तरी प्रश्न सुटतोच असे नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. निर्देशसूची बनवताना खास नियम लिहिला नसेल, तर एका रीतीने नोंदवलेले पुस्तक दुसऱ्या रीतीने टंकणाऱ्याला सापडत नाही. ‘अंक’ व ‘अङ्क’ यांचेही तेच. विभक्तिप्रत्ययांमुळे बदलणारी सामान्यरूपे हा याहून अवघड भाग आहे. व्ह्यूफाइंड व ब्लॅकलाइटमध्ये ग्रंथालयाला असे नियम स्वतः बसवता येतात. व्यापारी सेवांत ते बहुधा कंपनीच्या मर्जीवर राहते.

अलीकडील घडामोडी : मार्कची जागा घेण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ मध्ये ‘बिबफ्रेम’ हा दुव्यांनी जोडलेल्या विदेवर (लिंक्ड डेटा) आधारलेला आराखडा पुढे आणला, २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. शोधसेवांत त्याचा परिणाम अजून मर्यादित आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनअलेक्स’मुळे लेखांच्या नोंदींची मोठी खुली सूची उपलब्ध झाली. २०२४ पासून प्राइमोसारख्या सेवांत भाषिक प्रतिमानांवर (लँग्वेज मॉडेल) चालणारे सहायक आले आहेत. वाचकाने साध्या वाक्यात विचारलेल्या प्रश्नाचा शोध घेऊन ते वरच्या मोजक्या लेखांच्या सारांशांवरून उत्तर बेततात आणि त्या लेखांचे संदर्भ देतात. ज्या नोंदीला सारांशच नाही ती अशा उत्तरात येण्याची शक्यता कमी, आणि ग्रंथांच्या बहुसंख्य नोंदी, विशेषतः भारतीय भाषांतील, याच प्रकारात मोडतात.